गोठ्यातलं पितळ न ठोकता चिरतंय? आधी पाना खाली ठेवा

"मिस्त्री, परत गळालंय बघा."

पावसाळा लागला की माझ्या फोनवर सगळ्यात जास्त येणारं वाक्य हेच. बोलणारा आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या उचगावचा असो, खानापूरचा असो नाहीतर निपाणीकडचा, पुढची हकिगत ठरलेली. गोठ्यात पाण्याची लाईन आहे, पितळेची युनियन (दोन पाईप जोडणारा, खोलता येणारा सांधा) किंवा नट दोन-तीन महिन्यांपूर्वी नवीन बसवला होता, कुणी हात लावला नाही, धक्का नाही, ठोका नाही, आणि सकाळी बघितलं तर नट उभा चिरलेला. मग दुकानदाराला शिव्या, माल डुप्लिकेट म्हणून तक्रार, आणि तसलाच नट आणून आधीपेक्षा मोठ्या पान्यानं आवळणं. चार महिन्यांनी परत फोन.

लेथ आणि फिटिंगच्या कामात माझी वीसेक वर्षं गेली. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मीही हेच करत होतो, नट बदलायचा आणि पैसे घ्यायचे. म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतो.

लक्षणं कशी ओळखायची

पितळ चिरण्याचा हा प्रकार नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. चीर बहुतेक वेळा उभी असते, म्हणजे पाईपच्या लांबीच्या दिशेनं. नट वाकलेला नसतो, ताणून लांबलेला नसतो. मऊ धातू तुटताना ओढला जातो तसं इथं काही दिसत नाही, काचेसारखी सरळ फूट असते. भिंगातून पाहिलं तर मुख्य चिरेला बारीक फाटे फुटलेले दिसतील. चिरेच्या कडेला हिरवट-निळी पूड असते, बाकीचं पितळ मात्र बऱ्यापैकी चकचकीत. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे, हे काम चालू असताना घडत नाही. रात्री घडतं, पहाटे घडतं, सामान नुसतं पडून असताना घडतं.

घरातही हाच प्रकार होतो, पण तो कुणी माझ्याकडे आणत नाही. आजीची पितळी घागर गोठ्याच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेली असते. लग्नकार्याला काढली की काठापासून खाली चार बोटं चिरलेली. मग कुणी पाडली यावरून घरात भांडण. कुणीच पाडलेली नसते.

आता याच्यासारखे दिसणारे पण वेगळे आजार. आटे ओढले गेलेत, नट अंडाकृती झालाय, तर तो पान्याचा प्रताप. पितळेवर गुलाबी-तांबूस डाग, खरवडलं की भुसभुशीत, वर पांढरी पूड, तर त्या पितळेतलं जस्त पाण्यानं खाल्लंय आणि मागं नुसतं पोकळ तांबं उरलंय. हे बोअरच्या पाण्यावर होतं, त्याला औषध वेगळं. गोबरगॅसचा कॉक काळा पडलाय, तर ते गॅसमधल्या गंधकाचं काम. फवारणी पंपाच्या नॉझलचं भोक मोठं झालंय, तर ती नुसती झीज, नवीन नॉझल घ्या आणि विषय संपवा. हे चारही प्रकार खाली लिहिलेल्या उपायांनी बरे होणार नाहीत, म्हणून आधी खात्री करा.

असं का होतं, आणि त्यात बंदुकीच्या पुंगळीचा काय संबंध

कारण समजलं की पुढच्या तपासण्या आपोआप कळतात, म्हणून इथं जरा थांबतो.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. थंड असताना ते ठोकलं, ओढलं, दाबलं, लेथवर जोरात कातलं की त्याच्या पोटात ताण अडकून राहतो. बाहेरून काही दिसत नाही. अशा ताणलेल्या पितळेला ओलाव्यात विरघळलेला अमोनिया लागला की धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यांतून चीर आत शिरत जाते. ताण, अमोनिया आणि ओल, तिन्ही एकत्र आल्याशिवाय हा खेळ रंगत नाही. त्यातलं एक काढलं की थांबतो.

हे पहिल्यांदा गाजलं ते रायफलच्या काडतुसांमुळं, आणि तेही आपल्याकडंच. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात साठवून ठेवलेली असायची, बऱ्याचदा घोड्यांच्या पागांजवळ. पावसाळा सरला की पेट्या उघडाव्यात तर पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, चिरलेल्या. काडतुसाची पुंगळी सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताच्या पत्र्यातून थंडपणी ओढून ओढून बनवतात, त्यामुळं ताण तिच्या अंगातच. ओल पावसानं पुरवली आणि अमोनिया घोड्यांच्या मुतानं. ऋतू आला की चिरतात म्हणून साहेबानं त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव ठेवलं. खरं कारण अमोनिया आहे हे प्रयोगांतून पक्कं व्हायला १९२१ साल उजाडलं. घोड्यांच्या जागी म्हशी घाला आणि पुंगळीच्या जागी युनियन घाला, आपला गोठा झाला.

आपलं बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, त्यामुळं माझ्या दुकानात निवृत्त जवानांची उठबस असते. त्यातल्या एका काकांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "आमच्या फायरिंगला एक पुंगळी कमी भरली तरी अख्खी पलटण गवतात शोधत फिरायची. ती चिरते का, याचा विचार कधी केला नाही."

परदेशात परवानाधारक नेमबाज झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरतात. त्यांची नजर आपण शिकावी अशी असते. प्रत्येक वेळी झाडल्यावर पुंगळीची मान फुगते आणि ती पुन्हा साच्यात दाबून बारीक करावी लागते. असं चार-सहा वेळा झालं की मान कडक होते आणि उभी चिरते. बुडापासून जरा वर आतल्या बाजूला धातू ताणून पातळ होतो, बाहेरून एक चकचकीत वळं दिसू लागतं. ती माणसं वाकवलेली तार आत घालून तिथं खाच लागते का ते चाचपतात. खाच लागली की पुंगळी भंगारात. दारू पेटवणारी टोपी बुडात बसते तो खड्डा सैल झाला तरी भंगारात. तिथं हयगय झाली तर तापलेला वायू मागं, थेट डोळ्याकडं येतो. आणि पुंगळ्या अमोनिया असलेल्या पॉलिशनं घासायच्या नाहीत, हा त्यांच्यातला जुना दंडक आहे. आपण देवघरातली समई घासताना बाटलीवर काय लिहिलंय ते बघतो का?

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. खानापूरकडचा एक जण, शेतराखणीच्या परवान्याची बंदूक असलेला, रिकाम्या पुंगळ्या घेऊन आला होता. "लेथवर जरा सरळ करून द्या की मामा." मी हातही लावला नाही. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यात गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी चिरलेला नट पाणी सांडतो, चिरलेली पुंगळी डोळा घेते. काडतूस परवानाधारक दुकानातूनच घ्यायचं. हा विषय इथं बंद.

पहिली तपासणी : नाक. खर्च शून्य

पहाटे दारं उघडून हवा खेळायला लागायच्या आधी गोठ्यात जा. डोळे चुरचुरतात का? नाकात झणझणीत वास जातो का? जात असेल तर अमोनिया आहे. पण घरच्या माणसाच्या नाकावर भरवसा ठेवू नका. रोज आत वावरणाऱ्याचं नाक मेलेलं असतं. पाहुण्याला पाठवा, शाळेतल्या पोराला पाठवा.

गाई-म्हशींच्या मुतात युरिया असतो. शेणातले जंतू त्याचं अमोनियात रूपांतर करतात. म्हणून मूत आणि शेण जिथं एकत्र साचतं तिथं वास सगळ्यात जास्त. अमोनिया हवेपेक्षा हलका, तो वर जातो आणि पत्र्याखाली कोंडतो. त्यामुळं गटारीजवळचा नट चिरतो हे पटतं, पण पत्र्याखालच्या टाकीचा कॉक का चिरला हे लोकांना कळत नाही.

ओल कुठून येते? पावसातून तर येतेच, पण त्याहून जास्त पाईपच्या घामातून. रात्री लाईनमधलं पाणी गार, गोठ्यातली हवा जनावरांच्या श्वासानं उबदार. पहाटे पितळेवर दव धरतं. त्या दवात अमोनिया विरघळतो. झालं.

ही गोष्ट मला शिकवली ती एका आज्जींनी. उचगावच्या बाजूला एका गोठ्यात मी एका पावसाळ्यात तीनदा युनियन बदलली होती. तिसऱ्या वेळी मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत होतो. आज्जी उंबऱ्यावर बसून भाकरी खात होत्या. म्हणाल्या, "त्याच दुकानातली चावी भाईर हौदावर हाय. ती का फुटंना मग?" मी बाहेर जाऊन बघितलं. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच माणसानं आणलेलं सामान. हौदावरचं चार वर्षं ठणठणीत, गोठ्यातलं चार महिन्यांत गेलं.

तेव्हापासून मी पहिला प्रश्न हाच विचारतो : चिरलेलं सगळं सामान नेमकं कुठं होतं? कोळशानं भिंतीवर खुणा करा. सगळ्या खुणा गोठ्याच्या आत पडल्या तर निदान झालंच म्हणून समजा. आपल्या जिल्ह्यातसुद्धा हा फरक दिसतो. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात चार-चार महिने काही सुकत नाही, तिकडून तक्रारी ढिगानं येतात. अथणीकडच्या कोरड्या रानात तोच नट वर्षानुवर्षं टिकतो.

दुसरी : चीर खरंच आहे का? खर्च वाटीभर डिझेलचा

पाणी गळतंय म्हणजे नट चिरलाय असं नाही. वायसर गेलेला असतो, टेप निसटलेली असते. पाच रुपयांच्या वायसरसाठी माणसं दोनशेचा नट बदलतात.

लाईनचं पाणी बंद करा, नट काढा, चिंचेच्या कोळानं स्वच्छ घासा, धुवा, पुसून वाळवा. मग वाटीत डिझेल किंवा रॉकेल घेऊन त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. बाहेर काढा, फडक्यानं कोरडा पुसा आणि त्यावर खडूची पूड भुरभुरा. चीर असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. केसाएवढी चीरही दिसते. हे करताना जवळ चूल किंवा बिडी नको, हे सांगायला लागू नये. पण सांगतो.

मोठी वस्तू असेल तर दोरीला टांगून लाकडानं हलकेच वाजवा. धड पितळ खणखणतं, चिरलेलं बद्द वाजतं. घागरीला ही परीक्षा उत्तम. आपल्या आज्या मडकं घेताना हेच करायच्या.

तिसरी : आवळलं कसं होतं?

इथं दोष आमच्या धंद्याचा आहे, तेव्हा जरा मोकळेपणानं बोलतो.

पितळ चिरायला ताण लागतो म्हटलं. थोडा ताण कारखान्यातून येतो, उरलेला आम्ही पान्यानं घालतो. जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाच्या, निप्पलचे (दोन्ही टोकांना बाहेरून आटे असलेल्या छोट्या नळीचे) आटे निमुळते असतात. त्यावर टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे मारायचे, वर पितळेचा सॉकेट चढवायचा आणि पाईपपान्याला आणखी एक पाईप लावून लटकायचं. निमुळती पाचर आत घुसते, बाहेरचं पितळ चहूबाजूंनी ताणलं जातं. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना जसं लोखंड ताणतं तसंच. त्या दिवशी गळत नाही, गिऱ्हाईक खूश. ताण मात्र कायम राहतो आणि अमोनियाची वाट बघतो.

टेप तीन ते पाच वेढे, आट्याच्या दिशेनं. हातानं जाईल तेवढं घट्ट, मग पान्यानं दीड ते दोन फेरे, त्याहून जास्त नाही. गळालं तर आणखी आवळू नका, काढून टेप नव्यानं लावा.

आणि एक युक्ती, जी मला कुणी शिकवली नाही, मोडलेल्या नटांच्या डब्याकडं बघत बसून सुचली. चिरलेल्या सामानात आतल्या आट्याचे, म्हणजे सॉकेट, नट, युनियन हेच जवळपास सगळे. बाहेरच्या आट्याचं पितळी निप्पल क्वचितच. कारण आत जाणारा भाग दाबला जातो, बाहेरून बसणारा ताणला जातो. दाबलेलं पितळ असं चिरत नाही. तेव्हा पितळ वापरायचंच असेल तर ते आत जाणाऱ्या बाजूला ठेवा आणि बाहेरून जीआय घ्या. जोडणी तीच, फक्त नर-मादी उलटी. एवढ्यानं माझे निम्मे फोन कमी झाले.

चौथी : गोठ्यात काय टाकता, पंपात काय ठेवता?

गोठा स्वच्छ राहावा म्हणून ओल्या जमिनीवर चुना भुरभुरायची पद्धत आहे. हेतू चांगला, पण चुना मुतावर पडला की त्यातला अमोनिया उलट भसाभस सुटतो. चुना टाकायचा तर आधी मूत धुऊन, जमीन सुकवून. ब्लीचिंग पावडर मुतावर तर अजिबात नको, त्यातून निघणारा वायू जनावरांच्या आणि तुमच्याही छातीला घातक.

त्यापेक्षा गटारीला दहा फुटाला दोन-तीन इंच उतार द्या, दिवसातून दोनदा धुवा, पत्र्याच्या कडेखाली हवा खेळायला वीतभर फट ठेवा. कोरडी माती नाहीतर उसाचं पाचट अंथरलं तर मूत शोषलं जातं, आणि खतही चांगलं होतं. चिकोडी-निपाणीच्या पट्ट्यात पाचट जाळून टाकतात, त्याचं मला कायम नवल वाटतं.

फवारणी पंपाचंही हेच. उसावर युरिया फवारला, दमलो म्हणून उरलेलं पाणी टाकीत तसंच ठेवलं आणि पंप गोठ्याच्या कोपऱ्यात टांगला. पंधरा दिवसांनी दांडीचा पितळी नट चिरलेला. युरिया स्वतः अमोनिया नव्हे, पण घाण पाण्यात राहिला की त्याचा अमोनिया होतो. अमोनियम सल्फेटला तर तेवढीही सवड लागत नाही. फवारणी झाली की तीनदा साध्या पाण्यानं पंप चालवून धुवा, दांडी उलटी टांगून सुकवा, आणि पंप गोठ्यात ठेवू नका. ठिबकमधून खत सोडता तिथल्या पितळी कॉकलाही खतानंतर साधं पाणी सोडा.

पाचवी : माल कसला आहे?

इथून पुढं पैसे लागतात.

बाजारात मिळणारं फिटिंगचं पितळ काडतुसाच्या पितळेपेक्षाही जास्त जस्ताचं असतं, जवळपास चाळीस टक्क्यांपर्यंत, शिवाय लेथवर सोपं कापलं जावं म्हणून थोडं शिसं. जस्त जितकं जास्त तितका हा रोग जास्त. पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर भीती फारच कमी. वर क्रोम चढवलेलं असलं तरी फसू नका, मुलाम्याला सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, अमोनियाला तेवढं पुरतं.

घडीव नट आणि बारमधून कातलेला नट यांत घडीव चांगला, कारण तो तापवून घडवलेला असतो. हातात घेऊन वजन करा. पातळ भिंतीचा नट स्वस्त पडतो आणि तोच आधी जातो.

पण खरं सांगू का, गोठ्यात पितळ हवंच कशाला? पाणी नेण्यासाठी प्लास्टिकची फिटिंग उत्तम, अमोनिया तिला ढुंकूनही विचारत नाही. म्हशीच्या शिंगानं तुटेल अशी जागा असेल तर तिथं जीआय किंवा स्टेनलेस. धातूचा भारी कॉकच पाहिजे असेल तर गनमेटलचा मागा. तो तांबं, कथील आणि थोडं जस्त-शिसं असा असतो, पितळेच्या मानानं कितीतरी टिकतो. आपल्या उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम करणाऱ्या फाउंड्र्यांची कमी नाही, गनमेटल काय असतं हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगायला नको. प्लास्टिक म्हटलं की काही जणांचं तोंड पडतं, "पितळ ते पितळ" म्हणतात. देवघरात ठेवा की पितळ, तिथं ते शोभतं.

सहावी : ताण काढणं. हे घरी करायचं काम नव्हे

कधीकधी पितळच लागतं. जुन्या पंपाचा भाग मिळत नाही, मला लेथवर कातून द्यावा लागतो. अशा वेळी कातून झाल्यावर मी तो भट्टीत साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवतो आणि हळूहळू निवू देतो. एवढ्या उष्णतेत धातू मऊ पडत नाही, पण पोटातला ताण उतरतो. काडतुसाच्या कारखान्यांनीही शेवटी यावर हाच तोडगा काढला.

हे गॅसच्या शेगडीवर करायला जाऊ नका. ज्योतीनं एक बाजू लाल होते, दुसरी गार राहते, आणि आहे त्यापेक्षा वेगळा ताण तयार होतो. आत रबरी वायसर राहिला असेल तर त्याचा धूर वेगळाच.

चिरलेलं पितळ ब्रेझिंग करून, म्हणजे तापवून दुसरा धातू वितळवून, जोडता येतं का, असं पुष्कळ जण विचारतात. घागर शोभेला ठेवायची असेल तर जोडून देतो. पाण्याच्या दाबाखालचा नट देत नाही, कारण दिसणाऱ्या चिरेच्या आजूबाजूला न दिसणारे फाटे असतात आणि ते तापवल्यावर पुढं सरकतात. शिवाय पितळ फार तापलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो. उमेदवारीच्या काळात बंद खोलीत मी तो अर्धा दिवस हुंगला होता. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप, अंग ठणकून निघालं, तोंडाला गोडसर चव. दुसऱ्या दिवशी आपोआप उतरला. घरच्यांनी मलेरिया समजून काढा पाजला होता.

नवीन माल आत ताणलेला आहे का, हे बघायला मी एक चाचणी करतो. झाकणबंद बरणीत तळाला अमोनियाचं पाणी, वर जाळीवर दोन-चार नमुने, चोवीस तास. ज्यात ताण आहे ते चिरतात. हे दुकानाच्या मागं उघड्यावर, हातमोजे घालून करतो. पूर्वी यासाठी पाऱ्याच्या क्षाराचं पाणी वापरायचे, पण पारा विष आहे, तो नाद नको. तुम्हाला यातलं काहीच करायची गरज नाही. एखाद्यानं शंभर नगांची ऑर्डर घेतली असेल तरच या वाटेला जावं.

कुठं थांबायचं

पाण्याची लाईन असेल, दाब टाकीचा असेल, तर वरच्या पहिल्या चार तपासण्या कुणीही करू शकतो. पण खालच्या ठिकाणी पितळी नट चिरलेला दिसला तर पाना उचलूच नका.

स्वयंपाकाच्या गॅसचा रेग्युलेटर, सिलिंडरचा व्हॉल्व्ह, शेगडीकडं जाणारी पितळी जोडणी. सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं बटण दाबू नका, वितरकाच्या माणसाला बोलवा. साबणाचं पाणी लावून फेस येतो का, एवढंच तुम्ही बघायचं.

दूध थंड करायच्या कूलरचे तांब्याच्या नळीवरचे नट. तेही गोठ्याशेजारीच असतात म्हणून तेही असेच चिरतात. पण आतला गॅस दाबाखाली असतो, अंगावर आला तर कातडी गोठते. एसी-फ्रीजचं काम करणारा माणूसच तिथं हवा. त्याला एवढं सांगा की साध्या कातलेल्या नटाऐवजी घडीव नट बसव आणि यंत्र गोठ्याच्या हवेपासून लांब घे.

बर्फाचा कारखाना नाहीतर कोल्ड स्टोरेज असेल आणि तिथं अमोनियावर चालणारं यंत्र असेल, तर त्यात पितळ-तांबं नसतंच, सगळं लोखंड. कुणी हुशारी करून पितळी कॉक बसवलेला दिसला तर हात न लावता मालकाला सांगा. तिथं झणझणीत वास आला तर वाऱ्याला आडवं होत, गळतीपासून लांब उघड्यावर निघून जा, दुरुस्ती नंतर.

बॉयलरची, वाफेची, गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची जोडणी. गरम पाणी दाबाखाली आहे एवढं कारण पुरे.

आणि गोठ्यात पाणी गळून मोटारीच्या स्टार्टरवर किंवा वायरवर पडत असेल, तर नटाचं नंतर बघू. आधी मेन स्विच बंद, तोही कोरड्या हातानं, कोरड्या जागी उभं राहून. जमीन ओली असेल तर पोलवरचा पुरवठा बंद करायला लाईनमनला फोन. ओल्या गोठ्यात माणसाआधी म्हैस जाते, तिचे चारही पाय जमिनीवर असतात.

मिस्त्रीकडं येताना मोडका नट घासून-पुसून चकचकीत करून आणू नका. हिरवी-निळी पूड आहे तशीच राहू द्या, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, आणि तो गोठ्यात कुठं होता ते पिशवीवर पेनानं लिहा. गटारीपासून किती हात, पत्र्यापासून किती हात. मला तेवढं पुरतं, बऱ्याचदा पिशवी न उघडताच सांगता येतं.